दात उपटण्याचा हिशेब

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दातांचा वाद अधूनमधून पेटतोच. आजीने जन्मभर राखुंडी लावली आणि म्हातारपणीही ऊस सोलून खाल्ला, असं म्हणणारे काका एकीकडे. फ्लोराइडच्या टूथपेस्टशिवाय तरणोपाय नाही म्हणणारी भाचरं दुसरीकडे. या वेळी काकांनी अमेरिकेतल्या अमिश लोकांचा, म्हणजे जुन्या वळणाने साधं राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा, दाखला दिला. घरात विजेची तार नाही, दारात मोटार नाही, घोड्यांनी शेती करतात, मग त्यांचे दात का नाही मजबूत असणार? मी पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टर काउंटीत राहते. अमिश आमचे शेजारी आहेत, म्हणून गप्प बसवेना.

आमच्या मागच्या अंगणातला ओटा दुरुस्त करायला एक अमिश सुतार आला होता. वय तिशीच्या आत, वरचे सगळे दात कवळीचे. तीन-चार दाढा किडल्या, ठणका लागला, तेव्हा एकेकीवर पैसे घालण्यापेक्षा सगळेच काढून टाकले, असं त्याने सहज सांगितलं. काही अमिश वस्त्यांत तरुणपणीच असे सरसकट दात काढून कवळी बसवतात. जेवणाच्या सुट्टीत त्याने डब्यातून शूफ्लाय पाय काढला: खाली काकवीचा चिकट थर, वर लोणी-साखर-पिठाचा भुगा. हे इथलं घरोघरचं खाणं. शेत स्वतःचं असलं म्हणून साखर दातांना सोडत नाही. त्यात पाणी स्वतःच्या विहिरीचं, म्हणजे शहराच्या नळाला मिळणारं, दात किडण्यापासून वाचवणारं फ्लोराइडही नाही.

पण खरं कारण पैसा आहे. अमिश लोक सहसा विमा घेत नाहीत. 1965 साली ज्या कायद्याने मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा आणला, त्याच कायद्याने स्वतःचा धंदा करणाऱ्या अमिशांना सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शनच्या, करातून सूट दिली. हॉस्पिटलचं मोठं बिल आलं तर सगळी वस्ती धावून येते. दाढेचं बिल मात्र बहुतेक घरधन्यालाच भरावं लागतं, आणि घरात पाच-सहा पोरं असतात. रूट कॅनाल करून कॅप बसवायची तर दोन हजार डॉलर सहज जातात.

त्यांना विज्ञानाचं वावडं आहे, असं कुणी समजू नये. इथे जवळच स्ट्रासबर्गला मुलांच्या आनुवंशिक आजारांसाठी 1989 साली एक दवाखाना निघाला. त्या दवाखान्यात अमिश आईबाप मुलांना घेऊन जातात. परवडणारी, आपल्याला समजून घेणारी सोय दाराशी आली की ते ती नाकारत नाहीत.

म्हणून काकांचं मला पटत नाही. राखुंडीने दात झिजतात, आणि मिशरी तर सरळ सरळ तंबाखू आहे. गावाकडच्या कितीतरी बायका तिच्यात अडकल्या आहेत. पण भाचरांचंही अर्धंच खरं. यवतमाळ, चंद्रपूरकडे कित्येक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड इतकं आहे की पोरांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. तिथे आधी पाणी बदलायला हवं.

आणि दोघांच्याही भांडणात राहून जातं ते हे, की आपल्याकडेही गरीब माणूस दाढ काढूनच घेतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दातांचा डॉक्टर नसतो, तालुक्याला जायचं तर मजुरी बुडते, आणि काढणं वाचवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. त्या सुतारानेही हाच हिशेब केला होता. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाढ भरायचीही सोय झाली, तर हा हिशेब बदलेल. ग्रुपवर भांडायचंच असेल तर त्यासाठी आमदाराशी भांडा.

तोवर एक करा. मामींची दाढ पुढच्या आठवड्यात काढायची ठरली आहे ना? त्याआधी त्यांना मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात घेऊन जा. तिथे महापालिकेच्या दरात एक्स-रे निघेल, आणि दाढ वाचते का ते स्पष्ट विचारता येईल.