निविदा, प्रस्ताव आणि सॉफ्टवेअर : एका जुन्या कंत्राटदारांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

इमारत दुरुस्तीच्या धंद्यात उभी हयात गेली असं तुम्ही लिहिलंत, म्हणून काका म्हणते. प्रस्ताव आणि निविदा तयार करताना सॉफ्टवेअर कसं वापरावं, या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. मुंबईत काम मिळतं ते एल-वनला, म्हणजे सर्वांत कमी दर देणाऱ्याला, नाहीतर ओळखीवर, लिखाण वाचतो कोण? मशीनने, म्हणजे एआयने, लिहिलेले प्रस्ताव सगळे एका छापाचे. आणि मी नव्या पोरांना साइटवर न जाता कागद रंगवायला शिकवते आहे. तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त लागला, कारण मला सांगायचंय ते नेमकं याच्या उलट.

एल-वनचं आधी. सर्वांत कमी दरावर ठरणाऱ्या निविदेत सुंदर भाषेला काडीची किंमत नाही, हे मान्य. पण दरापर्यंत पोहोचायला तर हवं ना! बोलीचे कागद अ, ब, क अशा तीन पाकिटांत मागवायची महापालिकेची पद्धत तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिली आहे. दर असतो क पाकिटात. आधीच्या पाकिटांतला महत्त्वाचा दाखला राहिला आणि मुदतीत पूर्तता झाली नाही, तर ते क पाकीट उघडलंच जात नाही. महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर बीओक्यूच्या, म्हणजे कामाची परिमाणं आणि दर यांच्या तक्त्याच्या, एक्सेल फाइलच्या साच्यात फेरफार केला की बोली बाद. मधेच शुद्धिपत्रक येतं, परिमाण बदलतं, आणि ऑफिसात कुणीतरी जुन्याच पीडीएफवरून आकडे भरत बसलेलं असतं. चांगलं काम करणाऱ्या छोट्या फर्म इथे गारद होतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यांच्या कामात काहीच खोट नसते.

म्हणून मी सांगते ते सॉफ्टवेअरचं पहिलं काम लिहिण्याचं नाहीच. निविदेत जिथे जिथे ‘सादर करावे’, ‘बंधनकारक राहील’ असं आहे ते प्रत्येक वाक्य एका तक्त्यात काढायचं: कलम, पान, काय मागितलंय, आपला कोणता कागद, तो कुणाकडे आहे. इसारा रक्कम (बोलीसोबतची अनामत), उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी), जीएसटी, पूर्ण झालेल्या कामांचे दाखले, सगळं त्यात. ही पहिली यादी एआय झरझर काढून देतं. मग मूळ पान समोर ठेवून माणसाने ओळ न ओळ ताडून पाहायची. मराठी निविदांत एक मोठी अडचण आहे. पुष्कळ कागदपत्रं अजून स्कॅन केलेली किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतात. तिथून मजकूर कॉपी केला की नुसती अगम्य अक्षरं येतात, आणि एआय त्यातूनही आत्मविश्वासाने काहीतरी अर्थ काढून देतं. असल्या कागदासाठी माणसाचेच डोळे हवेत.

आता एकाच छापाचं लिखाण. मी मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूनेही हे कागद वाचते. ‘दर्जेदार सेवेसाठी कटिबद्ध’ हे वाक्य एआय यायच्या कितीतरी आधीपासून प्रत्येक प्रस्तावात आहे. जुनी वर्ड फाइल उघडायची, सेव्ह ॲज करायची, आणि चौथ्या पानावर दुसऱ्याच सोसायटीचं नाव तसंच राहायचं, हा प्रकारही जुनाच. आमच्या सभासदांना हवं असतं ते वेगळंच. परांची किती आठवडे राहणार? खिडकीतले एसी कोण काढणार आणि परत कोण बसवणार? पश्चिमेची भिंत पावसाळ्याआधी पुरी होणार का? पहिल्या पावसात गळलं तर कुणाला फोन करायचा? याची उत्तरं फक्त साइटवर जाऊन आलेल्या माणसाकडे असतात. त्याने आपल्या नोंदी आणि सोसायटीचं चौकशीपत्र सॉफ्टवेअरला द्यावं आणि विचारावं: यातल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर माझ्या प्रस्तावात नाही? दोन ठिकाणी वेगवेगळी मुदत लिहिली आहे का? हमीचा कालावधी कुठे राहिलाय का? अशा तपासणीत ते खरंच उपयोगी पडतं. वाचलेला वेळ पुन्हा गच्चीवर जाऊन स्लॅब ठोकून पाहायला वापरावा, हेच मी पोरांना सांगते. (आपले दर मात्र कुठल्याही फुकटच्या टूलमध्ये टाकू नयेत. ते पुढे कुठे जातात यावर आपला ताबा राहत नाही.)

अनुभव, परिमाण, दर आणि मुदत या चार गोष्टी मशीनला लिहू द्यायच्या नाहीत. रिकामी जागा दिसली की ते भरून टाकतं. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात डेलॉइटसारख्या मोठ्या सल्लागार कंपनीने सरकारी खात्याला दिलेल्या अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ आणि न्यायालयीन निकालातलं बनावट अवतरण निघालं. काम करताना एआय वापरलं होतं, आणि कंपनीने मानधनाचा काही भाग परत केला. आपल्याकडे केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार खोटी माहिती देणाऱ्या बोलीदाराला दोन वर्षांपर्यंत बाद ठेवता येतं. लहान फर्म त्यातून सावरत नाही.

ओळखीबद्दल थोडक्यात. ओळखीने बोलावणं येतं, खरं आहे. पण सेक्रेटरीला आलेल्या सगळ्या प्रस्तावांचा तुलनात्मक तक्ता सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा लागतो, आणि तिथे तुम्हाला कधी न भेटलेली माणसं कागद पाहून हात वर करतात. पुनर्विकासात तर ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने निविदेची पद्धतच आखून दिली आहे.

शेवटी तुम्ही विचारलंत, ‘मग आता या वयात मी हे शिकू का?’ नाही काका, तक्ता तुमच्या साइट इंजिनिअरला करू दे. साधं एक्सेल पुरतं, महागडं काही विकत घ्यायची गरज नाही. शेवटचा मसुदा मात्र तुम्हीच वाचा, आणि तुमच्या मुकादमाला पाळता येणार नाही असं प्रत्येक वाक्य खोडून टाका. ते कोणतं, हे ओळखणारं सॉफ्टवेअर माझ्या पाहण्यात नाही.