झहीर मोठा झाला तो वेग उतरल्यावर

गेल्या रविवारी सकाळी सोलापूरच्या पार्क मैदानाच्या कडेला चहा घेताना आमच्या जुन्या मंडळींत पुन्हा तोच वाद निघाला, की डावखुरा वेगवान गोलंदाज झहीर खान थोर होता का. एकाने मोबाइलवर आकडे काढले आणि निकाल देऊन टाकला, की 92 कसोटींत 311 बळी हे ठीक आहे, पण 32.94 च्या सरासरीच्या, म्हणजे एका बळीमागे जवळपास 33 धावा देणाऱ्या गोलंदाजाला थोर म्हणता येत नाही. मी तिथे फारसे बोललो नाही, कारण समोरचे गृहस्थ वयाने मोठे होते आणि चहाचे पैसेही त्यांनीच दिले होते. म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

झहीर खानचे कसोटी पदार्पण नोव्हेंबर 2000 मध्ये ढाक्याला झाले, अशी नोंद आहे. माझ्या मते मात्र आपण आज ज्याची आठवण काढतो तो गोलंदाज 2006 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या वूस्टरशायर संघाकडून खेळताना घडला, आणि तो वेग कमी करून घडला. ही गोष्ट आपल्याकडे नीट सांगितली जात नाही.

त्याआधीचा झहीर आपल्याला आवडत होता, यात शंका नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा, म्हणजे आपल्यासारख्याच एसटी स्टँड आणि साखर कारखान्यांच्या गावाकडचा हा डावखुरा मुलगा इंजिनिअरिंग सोडून मुंबईला प्रशिक्षक सुधीर नाईक यांच्याकडे गेला, तिथून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशन या वेगवान गोलंदाजांच्या प्रशिक्षण केंद्रात पोहोचला आणि रणजी मात्र बडोद्याकडून खेळला. 2000 साली नैरोबीत त्याने ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह वॉ याचा यॉर्करवर, म्हणजे थेट पायाशी टाकलेल्या चेंडूवर, त्रिफळा उडवला, तेव्हा सोलापुरातल्या प्रत्येक गल्लीत टेनिस बॉलवर यॉर्कर टाकणारी पोरे दिसू लागली होती. मीही त्यांतलाच, फक्त वयाने थोडा जास्त.

मग 23 मार्च 2003 आला. जोहान्सबर्गला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झहीरच्या पहिल्याच षटकात 15 धावा गेल्या, आणि 7 षटकांत 67 धावा देऊन तो रिकाम्या हाताने परतला. त्या षटकाचे चेंडू मला आजही एकेक करून आठवतात, कारण आमच्या घरात त्यानंतर बराच वेळ कोणी कोणाशी बोलले नव्हते. पुढची तीन वर्षे दुखापतींत आणि संघाच्या आत-बाहेर करण्यात गेली, आणि 2006 च्या सुरुवातीला त्याची संघातली जागाच गेली.

इथे थोडे स्वतःविषयी सांगतो, कारण माझा हट्ट त्यातूनच आला आहे. मी जिल्हा पातळीपर्यंत मॅटिंगवर, म्हणजे चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर, गोलंदाजी केली आहे. सव्विसाव्या वर्षी पाठ दुखावली, पुन्हा उभा राहिलो तेव्हा चेंडू पूर्वीसारखा आदळत नव्हता. त्या काळच्या माझ्या प्रशिक्षकांनी एका वाक्यात विषय संपवला होता, की वेग गेला म्हणजे बॉलर संपला. मी ते खरे मानले आणि किटबॅग माळ्यावर टाकली. झहीर वूस्टरशायरला गेला तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होत आला होता.

त्या मोसमात त्याने 78 बळी घेतले, एसेक्सविरुद्धच्या एका डावात तर 9. पण आकड्यांपेक्षा चेंडू टाकायला येतानाच्या त्याच्या धावेकडे पाहावे. ती आखूड झाली होती, चेंडू सोडण्यापूर्वीची ती मोठी उडी आटोपशीर झाली होती, आणि वाचलेली सगळी ताकद मनगटाकडे वळली होती. चेंडूची शिवण सरळ उभी ठेवून चेंडू आत आणायचा की बाहेर काढायचा, हे फलंदाजाला शेवटपर्यंत कळू नये यासाठी तो धावताना डाव्या हातातला चेंडू उजव्या तळव्याने झाकून घेत असे. लहान मूल आईपासून खाऊ लपवते तसे ते दिसायचे.

त्याचे फळ 2007 मध्ये ट्रेंट ब्रिजला इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत दिसले. पहिल्या डावात 59 धावांत 4 बळी घेऊन झाले होते. तो फलंदाजीला आला तेव्हा कोणा इंग्लिश खेळाडूने खेळपट्टीवर जेली बीन्सच्या गोळ्या टाकल्या, आणि झहीर बॅट रोखून इंग्लंडच्या पीटरसनशी भांडला. सगळे त्या गोळ्यांचीच गोष्ट सांगतात, जणू रागाने विकेट मिळतात. माझे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे होते. इंग्लंडच्या स्ट्रॉस आणि कुक या दोन डावखुऱ्या सलामीवीरांना तो राउंड द विकेट, म्हणजे यष्ट्यांच्या दुसऱ्या बाजूने येऊन, क्रीजच्या कडेवरून असा टाकत होता, की आत येणारा चेंडू सोडला तर पॅडवर बसावा आणि खेळायला जावे तर तो बाहेर निघावा. 124 वर खेळणारा त्यांचा कर्णधार वॉन मांडीला लागून यष्ट्यांवर गेलेल्या चेंडूवर बाद झाला, यात नशीबही होते, हे मान्य. दुसऱ्या डावात 75 धावांत 5 बळी, सामना आपला, आणि पुढे मालिकाही. इंग्लंडमध्ये कसोटी मालिका आपण त्याआधी 1986 मध्ये जिंकली होती.

2011 च्या विश्वचषकात त्याने 21 बळी घेतले. अहमदाबादला ऑस्ट्रेलियाच्या माइक हसीचा त्रिफळा उडवणारा नकल बॉल पुन्हा पाहा: हात त्याच वेगाने फिरतो, पण चेंडू बोटांच्या पेरांवरून सुटल्यामुळे उशिरा पोहोचतो. वेगवान म्हणवणारा गोलंदाज मुद्दाम हळू टाकून विकेट काढतो आहे, हे आमच्या प्रशिक्षकांना दाखवायला हवे होते. वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात पहिल्या पाच षटकांत त्याने तीन निर्धाव टाकली आणि 6 धावांत एक बळी घेतला.

सरासरीबद्दल एवढेच सांगतो, की त्याच्या 311 पैकी दोनशेहून अधिक बळी परदेशातले आहेत आणि निवृत्तीच्या वेळी भारतीय वेगवान गोलंदाजांत त्याच्या पुढे फक्त कपिल देव होते. त्याचे शरीर कच्चे होते, हा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. 2011 मध्ये इंग्लंडमध्ये लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी मांडीचा स्नायू धरून तो बाहेर गेला आणि आपण ती मालिका 0-4 अशी हरलो. तयारी पुरती नसताना तो तिथे उतरला, असे मला तेव्हाही वाटले होते.

फेब्रुवारी 2014 मध्ये न्यूझीलंडमधली वेलिंग्टनची कसोटी आपल्याकडे पहाटे साडेतीनला सुरू होत असे. नळाला पाणी येण्याचा दिवस होता म्हणून मी जागाच होतो. बादल्या भरता भरता आत येऊन टीव्हीकडे पाहत होतो, आणि दर वेळी न्यूझीलंडचा मॅक्युलम फलंदाजी करतच होता. त्याने 302 केल्या. पस्तिशीतल्या झहीरने त्या डावात 51 षटके टाकून 170 धावांत 5 बळी घेतले. त्यानंतर तो कसोटी खेळला नाही.