तासाभराचे विमान अडीच हजारात? त्या फॉरवर्डमधले खरे-खोटे

‘उडान योजनेत तासाभराचा कुठलाही विमानप्रवास २५०० रुपयांत. मंगळवारी मध्यरात्री इन्कॉग्निटोमध्ये बुक करा, नाहीतर शेवटच्या दिवसापर्यंत थांबा. उरलेल्या जागा कंपन्या मातीमोल भावाने विकतात.’ सुट्ट्या जवळ आल्या की हा मेसेज घरच्या ग्रुपवर हटकून येतो.

अडीच हजारांची गोष्ट अर्धी खरी आहे. उडान ही लहान शहरे विमानाने जोडायची सरकारी योजना. एप्रिल २०१७ मध्ये तिची पहिली विमाने सुटली, त्यात नांदेड–हैदराबादही होते. पण अडीच हजारांची ती सुरुवातीची मर्यादा योजनेत दिलेल्या मार्गांपुरती, तीही विमानातल्या साधारण निम्म्या जागांना. मुंबई–अहमदाबाद तासाभराचेच, पण त्याचा या योजनेशी काही संबंध नाही. शिवाय सरकारी अनुदान एका मार्गाला तीन वर्षे मिळते. ते संपले की अनेकदा मार्गच गुंडाळला जातो. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालात हिशोब आहे: दिलेल्या ७७४ मार्गांपैकी सुरू झाले ३७१, आणि अनुदान संपल्यावरही टिकले फक्त ५४. म्हणजे स्वस्त तिकीट शोधण्याआधी विमान अजून उडते का, ते पाहा.

इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची मागचा शोध लक्षात न ठेवणारी खिडकी? दर पुन्हा पाहिल्यावर वाढलेला दिसतो, हे खरे. पण म्हणून कंपनीने तुम्हाला ओळखले असे नव्हे. विमानातल्या जागा वेगवेगळ्या दरांच्या टप्प्यांत वाटलेल्या असतात; खालचा टप्पा संपला की पुढचा उघडतो. सत्तरेक आसनांच्या एटीआरसारख्या छोट्या विमानात त्या टप्प्यात दोन-तीनच जागा असू शकतात, कोणीतरी घेतल्या की संपल्या. ब्राउझर बदलून काय होणार?

इथेच एक उपयोगी गोष्ट मेसेजवाल्याच्या नजरेतून सुटली. चौघांची तिकिटे एकदम शोधली आणि स्वस्त जागा दोनच उरल्या असतील, तर सहसा चौघांनाही वरचा दर लागतो. आधी एकट्याचे शोधून पाहा. दर कमी दिसला तर दोन-दोन करून घ्या. वेगवेगळ्या पीएनआरमुळे जागा लांब मिळतील, पण तासाभरात कोणी हरवत नाही!

मंगळवारच्या मुहूर्ताला अर्थ नाही. बुकिंग कधी करता यापेक्षा उडता कधी, याने जास्त फरक पडतो. शुक्रवार संध्याकाळ आणि बुधवार दुपार एका भावात कशी मिळेल?

शेवटच्या दिवसाचा सल्ला तर सरळ खड्ड्यात घालणारा. आदल्या दिवशी तिकीट काढणारा बहुधा कामाचा किंवा अडलेला माणूस असतो, आणि कंपनीला ते पक्के ठाऊक असते. दिवसाला एकच विमान असलेल्या मार्गावर तर स्पर्धाही नसते.

त्यापेक्षा शेजारचा विमानतळ पाहा. सावंतवाडीला जायचे तर सिंधुदुर्गातल्या चिपीबरोबर गोव्यातल्या मोपाचाही दर बघा. मात्र गोव्यात विमानतळ दोन आहेत. मोपाचा कोड जीओएक्स, दाबोळीचा जीओआय. घाईत दाबोळीचे तिकीट घेतलेत, तर वाचवलेले पैसे टॅक्सीवाला घेऊन जाईल.