उघडून तरी बघा की राव!

डोकं फिरायची पाळी आली आता. जुन्या सबवूफरचा, म्हणजे ढुम ढुम बेस काढणाऱ्या स्पीकरचा, आवाज फाटायला लागलाय म्हणून कोल्हापुरात राजारामपुरीपासून लक्ष्मीपुरीपर्यंत ज्याला विचारावं तो एकच टेप लावतोय, "जुनं हाय ओ, नवीनच घ्या." अरे पण आधी उघडून तरी बघ की भावा! मी जाळी काढून बघितली तर कोनच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या पडद्याच्या, कडेची फोमची रिंग, नुसतं बोट लावलं की काळा चिकट भुगा होऊन हातात येतीय, आणि बाकी कोन, मॅग्नेट, लाकडी खोकं सगळं ठणठणीत. फोम ओलाव्यानं सडतंच, त्यात आपल्याकडचा पाऊस. मल्टिमीटर लावला तर कोन हलवणारी ४ ओहमची तारेची कॉइल साडेतीनच्या आसपास दाखवतीय म्हणजे ती जळलेली नाही, मग नवीन रिंग आणून कॉइल कुठं घासत नाही ना बघत नीट मध्यावर चिकटवायची, एवढंच काम हाय ना? आणि घुं घुं आवाज येतो म्हटलं की लगेच "अँप्लिफायर गेला"! पॉवर सप्लायचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, सुकले की १०० हर्ट्झची घरघर येते, ते फुगलेत का बघायला कितीसा वेळ लागतो?

कॉइल जळली असती, तसला स्पीकर मिळत नसता, तर नवीन घेतला असता, माझी ना नाही. पण रिंगेसाठी अख्खा डबा भंगारात? आणि त्या बजेटमधे नवीन काय मिळणार, तर हलकं प्लास्टिकचं खोकं. गावात रिंग बसवणारा कुणी माहीत असेल तर सांगा, मजुरी मागेल ती देतो.