भाकरी पुरवणाऱ्या आजीला काय म्हणायचं?

दादा, नमस्कार. अमेरिकन राज्यक्रांतीतल्या बायकांवर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं की शर्ट शिवून कुणी क्रांतिकारक होत नसतं; तुमच्या आजीनेही निजामाच्या रझाकारांच्या काळात भूमिगतांना भाकरी पुरवली, पण घरात कुणी तिला स्वातंत्र्यसैनिक म्हणालं नाही. मी म्हणते.

आधी शर्टांचं सांगते. १७८० मध्ये फिलाडेल्फियात एस्थर रीड आणि तिच्या सोबतिणींनी दारोदार फिरून सैन्यासाठी पैसा उभा केला. चांगल्या घरच्या बायका अशा हिंडतात म्हणून नावं ठेवणारेही होतेच. जमले तीन लाखांच्या वर कागदी डॉलर. त्या चलनाची किंमत पार घसरली होती, तरी बायकांच्या हिमतीवर एवढं जमणं थोडं नव्हे. सैनिकांच्या हातात रोख रक्कम द्यायची, हा त्यांचा बेत. सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन म्हणाले, शर्ट द्या. बायकांच्या वाट्याला सुईदोरा आला तो असा. एस्थर त्याच वर्षी वारली; बेंजामिन फ्रँकलिनची मुलगी सारा हिने काम तडीस नेलं. दोन हजारांवर शर्ट झाले आणि प्रत्येकावर शिवणारीचं नाव होतं! मला हे फार मोलाचं वाटतं.

बंदूक धरणारीचंही कौतुक लगेच झालं नाही. डेबोरा सॅम्पसन १७८२ मध्ये पुरुषी वेशात, पुरुषाच्या नावाने भरती झाली, लढली, जखमी झाली. केंद्राचं निवृत्तिवेतन मिळायला १८०५ उजाडलं, तेही पॉल रिव्हीयर या राज्यक्रांतीतल्या नावाजलेल्या पुढाऱ्याने तिच्यासाठी शब्द टाकल्यावर.

आपल्याकडे रझाकारांशी लढलेल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांना मराठवाड्याची झाशीची राणी म्हणतात, ते रास्तच आहे. पण रझाकारांची गस्त असताना चार माणसांच्या घरात पाटीभर भाकरी थापायची, हाही जिवाशीच खेळ होता. अवेळी धूर दिसला तरी संशय. स्वातंत्र्यसैनिकांच्या सरकारी सन्मान निवृत्तिवेतनाला तुरुंगवास, भूमिगत असणं अशा गोष्टींचा पुरावा लागतो. भाकरीची नोंद कोण ठेवणार?

म्हणून एक विनंती. आजीचं नाव, गाव, भाकरी कुठे जायची, न्यायला कोण यायचं, आठवेल ते लिहून पाठवा. आत्या असतील तर आधी त्यांना विचारा, चुलीपाशी त्याच असायच्या.