'नेकेड लंच' न वाचताच लिहिलं?

'नेकेड लंच' ही कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट यांवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. उत्तर मुद्दाम आज देतो आहे, कारण रात्री लिहिलं असतं तर जिभेवर ताबा राहिला नसता. तुम्ही म्हणता, 'कादंबरी न वाचताच लेख पाडलेला दिसतो. बायकोला गोळी लागण्याचा प्रसंग पुस्तकात नाहीच, मग हे रूपांतर कसलं?'

आधी चूक कबूल करतो. चित्रपट १९९१चा आहे, मी १९९२ लिहिलं होतं. दुरुस्त केलं आहे, आभार.

पण 'न वाचताच'? आणि 'पाडलेला'? अनोळखी माणसाशी असं बोलतात का? ही कादंबरी मी तीनदा वाचली आहे. बाविसाव्या वर्षी अर्ध्यावर टाकली. पुढे मधूनच कुठूनही उघडून वाचली, कारण या पुस्तकात कुठूनही शिरता येईल, असं तिचा लेखक विल्यम बरोज याने त्यातच लिहून ठेवलंय. तेव्हा कुठे ती उमगली. तिसऱ्यांदा या लेखासाठी, हातात पेन्सिल घेऊन.

तो प्रसंग पुस्तकात नाही, हे माझ्या लेखातच आहे, तिसऱ्या परिच्छेदात. तिथपर्यंत पोचलात का? १९५१ साली मेक्सिको सिटीत बरोजच्या गोळीने त्याची बायको जोन व्होल्मर गेली. ती गेली नसती तर मी लेखक झालोच नसतो, असं त्याने आपल्या 'क्विअर' या कादंबरीच्या १९८५च्या प्रस्तावनेत लिहिलं. चित्रपटाचा दिग्दर्शक डेव्हिड क्रोनेनबर्गने नेमका हाच धागा धरला. म्हणून चित्रपटात गोळी दोनदा सुटते, आणि दुसऱ्यांदा सुटते ती सरहद्दीवर, 'लेखक आहेस ना, मग काहीतरी लिहून दाखव' असं पहारेकरी म्हणतात तेव्हा! पुस्तकाला सलग गोष्टच नाही. ते कसं लिहिलं गेलं, याची त्याने गोष्ट केली. मी याला रूपांतरच म्हणणार.

अशाच एका कादंबरीची पटकथा मी स्वतः दोन वर्षं लिहीत होतो. मूळ पुस्तकातलं एक वाक्य गाळलं नव्हतं. पहिल्याच वाचनाला नटांनी विचारलं, 'यात आम्ही करायचं काय?' मला उत्तर देता आलं नाही. ती वही अजून कपाटात आहे. तेव्हा मुळाशी इमान राखणं म्हणजे काय, हे कृपया मला शिकवू नका.

चित्रपटातला ऑर्नेट कोलमनचा सॅक्सोफोन तुम्हाला कर्कश वाटला, असो. पडद्यावरचं मोरोक्कोतलं टँजियर शहर 'खोटं' वाटलं, कारण आखाती युद्धामुळे ते टोरंटोत उभारावं लागलं होतं. त्यावर मी वाद घालत नाही.

पुन्हा लिहाल तर लेखातलं वाक्य उचलून लिहा. मी काय वाचलं आणि काय नाही, ते मला ठाऊक आहे.