‘नेट गावोगावी पोहोचलं, आता खर्च बंद करा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

खान्देशातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा गोषवारा असा : भारतनेट या केंद्राच्या योजनेची फायबर केबल ग्रामपंचायतींत पोहोचली, मोबाइलचं नेट चहापेक्षा स्वस्त झालं, मागणी असेल तिथे कंपन्या आपोआप येतात. डोंगरातल्यांना गरजेपुरत्या चार साइट फुकट द्या, नाहीतर उपग्रह आहेच. शहरातल्या करदात्याचा पैसा ‘समान इंटरनेट’च्या नावाखाली उधळणं थांबवा. यातली बरीच वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणूनच ती पटकन पटतात. एकेक घेऊ.

‘केबल पोहोचली’

कुठे पोहोचली, हे आधी विचारा. केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये जी योजना मंजूर केली आणि पुढे जिचं नाव भारतनेट झालं, तिचं उद्दिष्ट अडीच लाख ग्रामपंचायती हे होतं. गावकऱ्यांची घरं त्यात नव्हती. पंचायत कार्यालयाच्या भिंतीवरच्या पेटीत केबलमधल्या प्रकाशाचं नेट करणारं ओएनटी नावाचं छोटं यंत्र बसलं की कागदावर गाव ‘जोडलेलं’. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे एका पंचायतीचे पाडे डोंगरउतारावर कोसभर विखुरलेले असतात. पंचायतीतल्या पेटीचा त्यांना उपयोग काय?

शिवाय पोहोचलेली केबल चालू आहे की नाही, हा प्रश्न वेगळाच. पेटी उघडली तर तीन दिवे दिसतात, त्यांवरून बरंच कळतं. पॉवरचा दिवा बंद असेल तर वीज नाही आणि बॅटरीही मेली आहे. शिशाची बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, पण त्या खर्चाची तरतूद कुणाकडे हे ठरलेलं नसतं. एलओएसचा दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाश येतच नाही : केबल तुटली आहे किंवा कनेक्टर मळला आहे. पॉनचा दिवा हिरवा, स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर दोष वर तालुक्याकडे शोधायचा. आणि कार्यालयाला कुलूप, किल्ली ज्यांच्याकडे त्यांच्याकडे आणखी दोन गावांचा पदभार, असं असेल तर दिवे पाहायलाही मिळत नाहीत. दुरुस्तीला आलेला माणूस ओट्यावर बसून परत जातो.

तुटलेली केबल जोडली की झालं, हाही गैरसमजच. गणित मांडून बघा. तालुक्याच्या एक्सचेंजमधल्या यंत्रापासून घरातल्या यंत्रापर्यंत साधारण २८ डीबी (डेसिबल, प्रकाशाची घट मोजायचं माप) एवढी घट चालते. समजा अंतर १४ किलोमीटर आहे. किलोमीटरला ०.३५ प्रमाणे ४.९ डीबी गेले. वाटेत एकाचे चार करणारा स्प्लिटर सुमारे ७ डीबी खातो, गावात एकाचे आठ करणारा साडेदहा. मूळ सांधे आणि कनेक्टर मिळून तीनेक. एकूण २५.४. हाती उरले २.६.

आता नळयोजनेचा चर खोदताना किंवा रस्ता रुंद करताना जेसीबीने केबल ओढली. ओढलेल्या केबलला ढील उरत नाही, म्हणून मध्ये नवा तुकडा घालावा लागतो. म्हणजे एका तुटीला दोन सांधे. स्वच्छ सांधा ०.१ डीबीच्या आत बसतो. धुळीत, घाईत, बोथट कटरने केलेला अर्धा डीबी सहज खातो. अशा तीन तुटी, सहा सांधे, ३ डीबी. शिल्लक संपली. केबल अखंड दिसते, पण नेट कधी येतं, कधी जातं आणि सगळे मोडेमला दोष देतात.

चर १६५ सेंटिमीटर खोल असावा असं सरकारी प्रमाण आहे. सातपुड्याच्या काळ्या पाषाणात तेवढं खोदणं महागात पडतं. तिथे कमी खोलीवर लोखंडी पाइप आणि वर काँक्रीट, असा पर्याय आहे. तो टाळला की पहिल्याच जेसीबीला केबल सापडते. खोदण्याआधी खाली काय आहे ते कळवणारं ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप मार्च २०२३ पासून आहे. ते वापरायची सक्ती कामाच्या आदेशात लिहिली आणि बिल काढताना तपासली, तर फुकटात बरंच वाचेल.

काम खरंच संपलं असतं, तर ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केलेच नसते. त्यात पंचायती रिंगमध्ये जोडायच्या आहेत. पहिल्या टप्प्यातली सरळ रांग एका जागी तुटली की पुढची सगळी गावं बंद पडत. रिंगमध्ये दुसऱ्या बाजूने वाट राहते. दहा वर्षांची देखभालही त्यातच धरली आहे. अर्धवट सोडलं ते कुठे, याची ही सरकारनेच दिलेली कबुली समजा.

‘मोबाइल नेट स्वस्त आहे’

एका माणसाला, एका फोनवर, हो. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २९९ रुपयांचा झाला. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षाला तेरा रिचार्ज : ३,८८७ रुपये. घरात चार फोन असतील तर १५,५४८. याउलट महिना ४०० रुपयांचं फायबर जीएसटीसह वर्षाला ५,६६४ ला पडतं आणि चौघांना पुरतं. म्हणजे जिथे फायबर नाही तिथलं कुटुंब कमी नेटसाठी जास्त मोजतं.

पैशांपलीकडेही फरक आहे. आपल्याकडे ब्रॉडबँडची किमान व्याख्या २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस होती, जानेवारी २०२३ मध्ये ती २ एमबीपीएस झाली. संध्याकाळी सगळं गाव एकाच टॉवरवर आलं की तेवढंही मिळत नाही. डोंगराच्या आड तर टॉवर दिसतो त्या टेकाडावर नेट आणि खाली घरात शून्य. ‘नेट शे का?’ या प्रश्नाला तिथे खरं उत्तर ‘कुठे उभा आहेस?’ हे असतं. दूरसंचार कंपन्यांना आता आपल्या कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात. आपल्या पाड्याचा रंग त्यात बघा आणि घरात उभं राहून फोनच्या पट्ट्या बघा.

फोन घरात असला तरी तो कुणाच्या हातात, हेही आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष ६१.५ टक्के निघाले, स्त्रिया ३८.

‘मागणी असेल तिथे कंपनी येतेच’

बारा घरांच्या पाड्याला तीन किलोमीटर केबल न्यायची. बाराही घरांनी घेतलं तरी महिन्याला ४,८०० रुपये. त्यात केबल, खांब, यंत्रं, दुरुस्तीची फेरी. मागणी शंभर टक्के असूनही हिशेब बसत नाही. रावेर-यावलच्या दाट, केळीच्या पैशाच्या गावांत केबलवाले एकमेकांवर पडतात, तोरणमाळच्या बाजूला कुणी फिरकत नाही. नफ्यावर चालणाऱ्याकडून वेगळी अपेक्षाही नाही, म्हणून तर धोरण लागतं.

मधला मार्गही आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारालाही परवाना किंवा शुल्काशिवाय सार्वजनिक वाय-फाय विकता येतं. अडचण अशी होती की दुकानदाराला महागडी लीज लाइन, म्हणजे कंपन्यांना देतात तशी स्वतंत्र जोडणी, घ्या म्हणत. ट्राय या दूरसंचार नियामकाने २०२५ मध्ये २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला घरगुती दराच्या दुप्पट ही कमाल मर्यादा घातली. पण दुकानापर्यंत चालू फायबर हवंच, म्हणजे गाडी पुन्हा पहिल्या मुद्द्यावर.

‘शहरातल्या करदात्याचा पैसा’

ग्रामीण जोडणीचा निधी, आताचं नाव डिजिटल भारत निधी, दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के आकारणीतून जमतो. म्हणजे प्रत्येक रिचार्जमधून. धडगावच्या माणसाने टेकाडावर चढून वापरलेल्या पॅकमधूनही. तो गेली वीसेक वर्षं हा हप्ता भरतोय.

‘गरजेच्या साइट फुकट द्या’

हे २०१५ मध्येही फेसबुकने फ्री बेसिक्सच्या नावाने सुचवलं होतं. ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ ला मजकुरानुसार वेगळे दर लावायला बंदी केली. गरजेची यादी कोण करणार, हा तेव्हाचा आक्षेप आजही तसाच आहे. त्या वर्षी कुणी यादी केली असती, तर तिच्यात फोनवरून पिकाची नोंद करायची ई-पीक पाहणी नसती, कारण ती राज्यभर २०२१ मध्ये आली. सीसीआयचं, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचं, कपास किसान ॲपही नसतं. ते २०२५ चं. आज हमीभावाला कापूस घालायचा तर शिरपूर-चोपड्याच्या शेतकऱ्याला त्यावरच नोंदणी करावी लागते. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं ते नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. त्याच जिल्ह्यात पुढे आधारचा ओटीपी यायला रेंज लागेल, हे तेव्हा कुणाच्या यादीत होतं?

‘उपग्रह आहे ना’

राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात नंदुरबारही आहे. शाळा, आरोग्य केंद्र यांना उपयोग होईल, जरूर व्हावा. पण डिशला आकाश मोकळं लागतं, साग-महूच्या गर्दीत ती खांबावर चढवावी लागते आणि ती सतत ७५ ते १०० वॅट वीज खाते. दिवसाला दोनेक युनिट झाले. जिथे ओएनटीची बॅटरी बदलली जात नाही, तिथे हे कोण सांभाळणार ते आधी ठरवा.

शेवटचा मुद्दा मजकुरात ठळक अक्षरांत असतो : ‘तक्रारी येतात कुठे?’ तक्रारीची रीत अशी आहे. आधी कंपनीच्या ग्राहक सेवेकडे नोंद, तिथला डॉकेट (तक्रार) क्रमांक जपून ठेवायचा. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जायचं, त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा. ट्राय वैयक्तिक तक्रार घेत नाही. या वाटेवर पाऊल टाकायला आधी ग्राहक असावं लागतं. ज्या पाड्यावर जोडणीच नाही, तिथल्या माणसाला डॉकेट क्रमांक मिळत नाही.